मापाचा ब्लाऊज

हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवापुढं बसले की बाकीचं सगळं घडाघडा सांगते – गुडघे दुखतात, पोरगा फोन करत नाही, अमकीच्या सुनेनं असं केलं – आणि हे एवढं मात्र बाजूला ठेवते. त्याला काय दिसत नसेल होय? पण सवयच लागून गेलीय. आता तुमच्यापुढं बसलेय तर सरळ मुद्द्यावर यायला हवं, पण मला तसं येता येत नाही. जरा इकडनं तिकडनं येते.

मी शिवणकाम करते. सांगलीत विश्रामबागला आमचं दुमजली घर आहे. खाली आम्ही, वर माझा धाकटा दीर. खालच्या पुढच्या खोलीत माझं मशीन. माहेर माझं मेढ्याचं, लग्न होऊन इकडं आले, शिवणाचा क्लास केला आणि गेटला 'लेडीज टेलर' अशी पाटी लावली. पाटी लावली त्या दिवशी मी चार वेळा काहीतरी निमित्त काढून रस्त्यावर जाऊन ती बघून आले होते.

तुम्ही कधी शिवलंय का? नसेल शिवलं तर कसं सांगू तुम्हाला. कोरं कापड टेबलावर पसरायचं, तळहातानं सुरकुती काढायची आणि खडूची पहिली रेघ मारायची – बास, डोक्यातली सगळी कटकट तिथंच थांबते. कात्री धारेची असली की कापड सरसर बाजूला होतं. बाहीचा मुंढा एकही चुणी न पडता बसला की खोलीत एकटी असले तरी मी तोंडानं 'वा' म्हणते. उरलेल्या तुकड्यांतून पोराला लहानपणी केलेल्या चड्ड्या, उशीचे अभ्रे, फ्रिजच्या दाराच्या मुठीला घातलेलं कव्हर – हसू नका, तेव्हा सगळ्यांकडं असायचं – त्या प्रत्येक गोष्टीत मला सुख मिळालंय. हे सुख माझं होतं. माझ्या एकटीचं होतं. घरात दुसऱ्या कुणाला सुईत दोरा ओवता येत नव्हता.

आणि मग रंजना आली.

रंजना म्हणजे माझी धाकटी जाऊ, दिराची बायको. माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडच्या गावची. घरी मेंढरं, वडील मुंबईला कामाला, आणि आई वाकळा शिवणारी. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून हातानं धावदोरा घालतात, तीच वाकळ. रंजना माप टेपनं नाही, वितीनं घ्यायची. लग्नात आईच्या हातची एक वाकळ घेऊन आली होती. सगळ्या बायका ती हातात घेऊन बघत होत्या. मीही बघितली. टाके बघितले. इतके सारखे, इतके बारीक – मी वाकळ पटकन पुढच्या बाईच्या हातात दिली. 'छान आहे हं,' म्हणाले मी. तोंडदेखलं.

खरं सांगते, फिटिंग माझंच सरस. हे मी आजही म्हणेन. कटोरी असो, प्रिन्सेस कट असो, माझ्या ब्लाऊजला नाव ठेवणारी बाई मला दाखवा. पण माझ्याकडून ब्लाऊज घेऊन गेलेली बाई फार तर 'बरोबर बसला हो' म्हणायची. रंजनानं मात्र वर आपलं एक जुनं मशीन ठेवलं, उरलेल्या चिंध्यांच्या पिशव्या शिवल्या, त्यांना हातानं फुलं भरली, मणी ओवले, आणि बायका त्या पिशव्या छातीशी धरायच्या हो! लहान मुलाला धरावं तशा. भिशीला आलेल्या बायका माझ्या खोलीत चहा प्यायच्या आणि मग 'जरा वर जाऊन येतो' म्हणायच्या. वर गेल्या की तासभर खाली येत नसत. मी खाली बसून कपबशा विसळायची आणि वरचं हसणं ऐकायची.

सगळ्यात जास्त काय खुपायचं, सांगू? ती शिवताना गुणगुणायची. माझ्या डोक्यावर तिचं मशीन होतं – खडखड, खडखड, आणि मध्येच तिचं गुणगुणणं. मी एवढी वर्षं शिवतेय, मला कधी गुणगुणावंसं वाटलं नाही. मला वाटायचं, माझं सुख हिनं वर नेलं आणि माझ्याकडं नुसतं काम ठेवलं. असं होतं का कधी? सुख काय भांड्यातलं दूध आहे, तिनं घेतलं म्हणून माझं कमी व्हायला? पण तेव्हा मला तसंच वाटायचं. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

ती वाईट असती तर बरं झालं असतं. पण ती बया खाली येऊन माझ्याच पायाशी बसायची. "आक्का, तुमी ह्ये गळ्याचं पायपिंग कसं वो घालता? मला न्हाई जमत. लय सफाई हाय तुमच्या हाताला." मी दाखवायची. एखादी खुबी मागं ठेवून दाखवायची. तेवढीही ती तिची ती शोधून काढायची आणि वर मलाच येऊन सांगायची.

तर – सोनालीचं लग्न ठरलं.

सोनाली म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. नणंद साताऱ्याला, मुलगी पुण्यात नोकरीला. वन्संचे सगळे ब्लाऊज त्यांच्या लग्नापासून मीच शिवलेले. दिवाळीचे, डोहाळजेवणाचे, वास्तुशांतीचे. त्यामुळं नवरीचे ब्लाऊज माझ्याकडंच येणार हे काय कुणी सांगायला हवं होतं? मी आधीच मनात गळा ठरवला होता. मागं कुयरी कापायची, बाहीला दुहेरी पायपिंग करायचं. वन्सं पिशवी घेऊन आल्या. मी चहा टाकला. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, आत ब्लाऊजपीस आणि सोनालीचा एक जुना ब्लाऊज होता. आमच्याकडं माप असंच देतात, टेपनं कोण घेतंय? जो अंगाला बरोबर बसतो असा एक जुना ब्लाऊज शिवणारणीला द्यायचा, त्याच्यावरून ती नवा कापते. तोच मापाचा ब्लाऊज.

मी पिशवीला हात घातला, आणि वन्सं म्हणाल्या, "रंजना घरी नाही वाटतं. तिला दे गं हे. सोनूला तिच्याच हातचं मणीकाम पाहिजे, फोटो बघितलेत तिनं."

मी म्हणाले, "देते की."

एवढंच म्हणाले. साखर जास्त पडली चहात, बाकी काही नाही. त्या गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि तो मापाचा ब्लाऊज उलटा करून बघितला.

ब्लाऊज मीच शिवलेला होता. माझीच तुरपाई, माझेच काज. माझ्याच ब्लाऊजचं माप घेऊन दुसरीनं नवरीचा ब्लाऊज शिवायचा! तुम्हाला कळतंय का काय होतंय ते? की नुसतंच वेडेपण वाटतंय? वाटू दे.

आता बघा, बाजूच्या शिवणीला आतनं दोन-तीन टिपा असतात. बाई जाड झाली, एक टीप उसवायची. बारीक झाली, आत एक घालायची. म्हणून माप घेताना शिवणारीण सगळ्यात आतली टीप धरते. मी मशीनला त्याच रंगाचा दोरा लावला. दोन्ही बाजूंनी बोटभर आत एकेक टीप मारली. बाह्यांनाही मारली. इस्त्री केली. टीप अगदी सरळ आली, आणि मी ती सरळ आली म्हणून खूश झाले. मग संध्याकाळी वर जाऊन पिशवी रंजनाच्या हातात दिली.

मला वाटलं होतं, बस, एवढंच करायचं होतं. पण ती काही आंधळी नव्हती. दुसऱ्या दिवशी ब्लाऊज घेऊन खाली आली.

"आक्का, सोनू एवढी बारीक झालीय व्हय? मागल्या राखीला तर चांगली भरलेली हुती. फोन करून इचारू का वन्संना?"

इथं मला मागं फिरता आलं असतं. 'अगं विचार की' एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यानं सगळं मिटलं असतं, टीप मी मारली हेही कुणाला कळलं नसतं. पण मी काय म्हणाले? मी म्हणाले, "लग्नाआधी पोरी डाएट करतात गं. वन्संना कशाला त्रास देतेस, त्यांच्यामागं काय कमी काम आहे? मापाचा ब्लाऊज दिलाय ना, त्याच्यावर काप."

तिनं मान डोलावली. आक्का म्हणतात म्हणजे बरोबरच असणार. आणि वर जाऊन कात्री चालवली.

मणीकामाला तिला बरेच दिवस लागले. जेवायलासुद्धा धड बसत नव्हती. लग्नाच्या शालूवरच्या ब्लाऊजला तिनं पाठीवर वेल भरली होती आणि बाहीच्या काठाला बारीक सोनेरी मणी, एकेक हातानं ओवून. मी बघायला वर गेले. खोटं नाही बोलत, तसं काम मी जन्मात करू शकले नसते. बघून माझे डोळे भरून आले, आणि ते कौतुकानं नव्हतं. तिला वाटलं कौतुकानं. तिनं माझा हात धरला.

सगळं तयार झाल्यावर मी म्हणाले, "दे माझ्याकडं, मी इस्त्री करून नीट भरते." खाली आणून मापाच्या ब्लाऊजमधल्या माझ्या टिपा उसवून काढल्या, भोकांवर पाणी मारून इस्त्री फिरवली. होता तसा झाला. सगळे ब्लाऊज एका पिशवीत घातले आणि आम्ही साताऱ्याला गेलो.

हळदीला सोनालीनं पुण्याहून आणलेला ड्रेस घातला, त्यामुळं आदल्या दिवशी कुणी काही घालून बघितलं नाही. लग्नादिवशी सकाळी कार्यालयात नवरीच्या खोलीत ती शालूवरचा ब्लाऊज घालायला लागली आणि बाही दंडातच अडकली. कशीबशी वर ओढली तर पुढचे हुक लागेनात. मेकअपवाली बाई ओढतेय, सोनाली रडतेय, काजळ गालावर, बाहेर सनई लागलेली. दुसरा घातला – तेच. तिसरा – तेच. वन्संनी पिशवी उलटी केली, मापाचा ब्लाऊज काढला आणि नव्यावर ठेवला. दोन बोटांचा फरक सरळ दिसत होता.

"माप दिलं होतं ना तुला?" वन्सं रंजनावर ओरडल्या. "डोळे फुटले होते का? नसेल येत तर सांगायचं, पोरीच्या लग्नात हा तमाशा कशाला?"

खोलीत पंधरा-वीस बायका. सगळ्या तिच्याकडं बघतायत. रंजनानं दोन्ही ब्लाऊज हातात घेतले. एकावर एक लावून बघितले, उलटे करून बघितले. मग माझ्याकडं बघितलं.

आता ही म्हणणार – 'मी विचारलं होतं, आक्कांनी सांगितलं बारीक झालीय म्हणून.' म्हणणारच. कुणीही म्हणालं असतं. मी असते तर पहिलं वाक्य तेच म्हणाले असते.

ती म्हणाली, "माझंच चुकलं वन्सं. मीच मोजलं नसंल नीट."

तिनं माझं नाव घेतलं नाही. मला सांभाळलं की तिला खरंच स्वतःचं चुकलं असं वाटलं? मी कधी विचारलं नाही. आणि मी काय केलं? मी पुढं झाले. "सरका," म्हणाले, "मी बघते." माझ्या पर्समधून छोटी पिशवी काढली. त्यात कात्री होती, उसवायला ब्लेड होतं, सुया होत्या. आणि दोरा होता, शालूच्या ब्लाऊजच्या रंगाचा.

मॅचिंग दोरा. आता तुम्हीच सांगा, जिनं ब्लाऊज शिवलेलाच नाही ती बाई लग्नाला येताना त्याच रंगाचा दोरा कशाला घेऊन येईल? त्या खोलीतल्या एकीच्याही डोक्यात हे आलं नाही. टिपा मारल्या तो मत्सर होता, असं म्हणता येईल. एका दुपारी डोकं फिरलं, असंही म्हणता येईल. पण दोरा मी सांगलीहून निघताना शांतपणे निवडला होता, उजेडात धरून, रंग जुळवून. मला तिला नुसतं पाडायचं नव्हतं. ती पडल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं बघायला हवं होतं.

रंजनानं शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, भरपूर ठेवली होती, त्यामुळं बाजू सहज मोकळ्या झाल्या. बाही मात्र मण्यांच्या काठासकट उसवावी लागली. मी ब्लेड घातलं तसे मणी घरंगळले, फरशीभर झाले. सगळ्या जणी माझ्या हाताकडं बघत होत्या. रंजना खाली बसली आणि बायकांच्या पायांमधून एकेक मणी वेचायला लागली. कुणाचा पाय बोटावर पडला तरी वेचतच राहिली. मी टाके घालत होते, माझा हात झरझर चालत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला शिवताना गुणगुणावंसं वाटत होतं. हे सांगायलाच मी एवढी लांबून फिरून आले. पश्चात्ताप, भीती, काही नव्हतं तेव्हा. मला आनंद झाला होता.

सोनाली वेळेवर बोहल्यावर उभी राहिली. वन्संनी सगळ्यांदेखत मला मिठी मारली. "मोठी वहिनी होती म्हणून लाज राहिली," असं त्या जेवणाच्या पंगतीपर्यंत सांगत होत्या. परत येताना गाडीत रंजना माझ्या शेजारी बसली होती. कऱ्हाड मागं पडलं. मग म्हणाली, "आक्का, तुमी नसता तर काय झालं असतं वो." आणि माझा हात धरून रडली.

घरी आल्यावर तिनं मशीनवर चादर टाकली. काही दिवसांनी दिरानं ते मशीन कुणालातरी देऊन टाकलं. तिच्या चिंध्यांचं गाठोडं ती खाली माझ्याकडं घेऊन आली – "तुमाला उपेगी पडंल." वरची खडखड थांबली. सुरुवातीचे काही महिने काय गोड झोप लागायची मला! भिशीच्या बायका पुन्हा माझ्याच खोलीत बसायला लागल्या. नातेवाइकांत बातमी पसरायला वेळ लागतो होय? 'रंजनाच्या हाताला माप नाही', 'ऐन वेळी घात करते', असं बोलायचे लोक. आणि मी? मी म्हणायची, "जाऊ दे हो, होतं एखाद्याचं." मोठ्या मनानं. तीही मान खाली घालून ऐकायची.

तिनं मग पोळ्यांची कामं धरली. तिच्या पोळ्यांचंही लोक कौतुक करतात. मऊ असतात. तेही मला आवडत नाही, आजही. बघा, एवढं करूनही जळणं काही थांबलं नाही. मला वाटलं होतं थांबेल.

आणि एक सांगायचं राहिलं. तिनं शिवणं सोडलं म्हणजे पूर्ण सोडलं. शर्टाचं बटण तुटलं तरी ती शर्ट घेऊन खाली येते. सुई हातात घेत नाही. एकदा मी म्हणाले, "अगं बटण तरी लाव." तर म्हणाली, "नगं आक्का. माझ्या हाताला यश न्हाई." अगदी सहज म्हणाली, बाहेर ऊन लय हाय म्हणावं तसं. ज्या बाईनं टाक्यांवर जीव टाकला, तिला आता स्वतःच्या हातांचाच भरवसा नाही. तो मी काढून घेतला.

अशी वर्षं गेली, आणि मध्यंतरी तिच्या मुलीला, तेजूला, मुलगा झाला. पहिलं बाळंतपण माहेरी. बाळाचे पहिले कपडे जुन्या मऊ सुती कापडाचे करायचे, आणि ते आईच्या आईनं करायचे – झबली, टोपरी, दुपटी, डोक्यावरून पाठीपर्यंत येणारी कुंची. दुकानात सगळं मिळतं आता, पण हा बाळंतविडा घरचाच हवा. रंजना खाली आली. हातात तिच्या आईचं लुगडं होतं. आई गेली तिची, माहेराहून एवढंच लुगडं जपून आणलेलं. धुऊन धुऊन साईसारखं मऊ झालेलं.

"आक्का," ती म्हणाली, "तुमी शिवा. माझ्या हाताचं नगं लेकराच्या अंगाला. काय वंगाळ व्हायला नगं."

लुगडं तिनं माझ्या मांडीवर ठेवलं आणि वरनं एकदा हात फिरवला. खोलीत आम्ही दोघीच होतो. बाहेर कुणी नाही, मशीन बंद, दुपारची वेळ. सांगायला एवढी चांगली वेळ कधी आली नव्हती आणि आता येणारही नाही. ती उभी होती. मी तिच्याकडं बघितलं. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"बस, माप सांग," मी म्हणाले.

शिवलं मी सगळं. कुंचीला मागं झालर लावली, टोपऱ्याला बंद लावले. जीव ओतून शिवलं. बारशाला पाळण्याभोवती जमलेल्या बायकांनी कुंची हातोहात फिरवली, छातीशी धरली. "कुणी केली गं?" असं विचारत होत्या. रंजना प्रत्येकीला सांगत होती, "आमच्या आक्कानं. त्यांचा हात लय चांगला हाय." बाळ तिच्या मांडीवर, तिच्या आईच्या लुगड्यात गुंडाळलेलं, आणि त्यातला एकही टाका तिचा नाही.

मी पलीकडं खुर्चीवर बसून ऐकत होते. आणि आता एवढं सांगितलं तर हेही सांगते – मला बरं वाटत होतं.